मॅच टीव्हीवर दिसते, मैदान दिसत नाही

डेराबस्सीहून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतोय. बोलता बोलता मागून ट्रकचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या, अंबाला-चंदीगड हायवे आमच्या घरापासून फार लांब नाही. पुस्तकात वाचणाऱ्यांना हॉर्न ऐकू येणार नाही, तेवढी त्यांची सुटका.

आजचा प्रश्न मला कारखान्यात, नात्यात, शेजारीपाजारी सगळीकडे विचारला जातो. घरी मोठा टीव्ही आहे, चार बाजूंनी रिप्ले दिसतो, चहा हातात मिळतो. मग रजा टाकून, उन्हात रांग लावून, पाण्याची बाटली गेटवर सोडून मॅच बघायला जायचं कशाला? आमच्या सौ.चा प्रश्न याच्याही पुढचा आहे. ती म्हणते, मॅच बघायला जाता ते समजलं, पण मॅच नसताना गावोगावची रिकामी मैदानं बघायला कशाला जाता?

मी मूळचा सांगलीचा. २००९ मध्ये इथल्या एका औषध कारखान्यात नोकरीला आलो. डेराबस्सी म्हणजे नकाशावर पंजाब, कारखान्यांच्या भोंग्यांवर चालणारं गाव, आणि घग्गर ओलांडली की झिरकपूर, तिथून चंदीगड आणि मोहाली. मराठी माणसं इथं थोडी. सुरुवातीला मला करमत नव्हतं. मग एका मंगळवारी मी मोहालीच्या मैदानात जाऊन बसलो आणि ती खोड लागली ती लागलीच. आज मी रजा शिल्लक ठेवतो ती मैदानांसाठी.

ही खोड फक्त आपल्याकडची नाही. माझा मावसभाऊ बोस्टनला असतो. त्यानं सांगितलं की अमेरिकेत बेसबॉलचे चाहते असेच असतात. त्यांच्या मोठ्या लीगमध्ये ३० संघ आहेत, आणि त्या सगळ्यांची मैदानं आयुष्यात एकदा बघायची असं ठरवून लोक कुटुंबासकट गाडी काढतात. आपल्याकडे अष्टविनायक करतात तसंच म्हणा. मी त्याला विचारलं, फुटबॉलची मैदानं अशी का नाही फिरत कोणी? त्याला उत्तर देता आलं नाही, पण मी त्यावर बराच विचार केला आणि मला वाटतं उत्तर खेळाच्या नियमांतच आहे.

हॉकीचं मैदान घ्या, कबड्डीचं घ्या, टेनिसचं घ्या. मापं ठरलेली. रेषा इथून तिथून सारख्या. बेसबॉलमध्ये मात्र मधला चौकोन ठरलेला, एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट, आणि त्यापलीकडचं मैदान जागा असेल तसं. बोस्टनचं फेनवे पार्क १९१२ सालचं. डाव्या बाजूला मैदानाला लागूनच रस्ता, म्हणून जागा अपुरी. मग तिथं उंच भिंत आली, जवळजवळ ११ मीटरची. इतर मैदानांत सहज झेल होईल असा चेंडू तिथं भिंतीला आपटून परत येतो. म्हणजे शहराच्या एका रस्त्यानं खेळ बदलला.

क्रिकेटचंही अगदी असंच आहे. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर, ती सांगलीत तेवढीच आणि लंडनमध्येही तेवढीच. बाकीचं मैदान गोल असो, लांबट असो, एका अंगाला चेपलेलं असो. आंतरराष्ट्रीय सामन्यात बाउंड्री कमीत कमी ६५ यार्ड आणि जास्तीत जास्त ९० यार्ड हवी एवढंच बंधन. या दोन आकड्यांमध्ये किती फरक आहे बघा. एका मैदानातला षटकार दुसऱ्या मैदानात सीमारेषेवरचा झेल होतो. लॉर्ड्सचं मैदान तर सपाटसुद्धा नाही, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अडीच मीटरचा उतार आहे. इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या मैदानात बाउंड्रीच्या आत चक्क एक झाड होतं. २००५ च्या जानेवारीत वाऱ्यानं ते पडलं. आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसं क्रिकेट दर मैदानाला बदलतं. आणि हे बदललेलं क्रिकेट टीव्हीवर जवळजवळ दिसत नाही, कारण कॅमेरा बहुतेक वेळ त्या २२ यार्डांवरच असतो, म्हणजे सगळीकडे सारखं असलेल्या तेवढ्याच भागावर.

आता तो मंगळवार सांगतो. ५ ऑक्टोबर २०१०, मोहाली, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा पाचवा दिवस. माझी रात्रपाळी संपली होती. झोपायला घरी जायचं सोडून मी झिरकपूरपर्यंत बसनं आणि पुढं रिक्षानं गेलो. आमच्या स्टँडमध्ये मोजकीच माणसं होती. भारताला २१६ हवे होते आणि १२४ ला ८ बाद झाले. माणसं उठून जायला लागली. लक्ष्मणची पाठ धरलेली, त्याच्यासाठी रैना रनर. त्याच्या जोडीला इशांत शर्मा. या दोघांनी ८१ धावा जोडल्या. इशांत ३१ वर गेला आणि शेवटचा ओझा आला.

सहा धावा हव्या असताना ओझाच्या पायावर चेंडू लागला, जोरदार अपील झालं, आणि त्या गोंधळात ओझा क्रीजबाहेर. बदली खेळाडू म्हणून आलेल्या स्टीव्ह स्मिथनं स्टंपवर थ्रो केला. टीव्हीवर ज्यांनी हे बघितलं त्यांना स्टंप दिसले, ओझा दिसला, आणि मग सीमारेषेकडे पळणारा चेंडू दिसला. आम्हाला वरून काय दिसलं, तर थ्रो हातातून सुटायच्या आधीच पलीकडची मोकळी जागा दिसली. अडवायला तिकडे कोणीच नव्हतं. माझ्या शेजारचे सरदारजी थ्रो स्टंपजवळ पोचायच्या आत ओरडत उभे राहिले होते. चार ओव्हरथ्रो. मग दोन लेगबाय आणि सामना संपला, एक विकेट राखून. लक्ष्मण ७३ नाबाद. मी त्या दिवशी रिक्षावाल्याला दहा रुपये जास्त दिले आणि दुसऱ्या पाळीत मशीनसमोर उभ्या उभ्या डुलक्या घेतल्या.

मैदानात आपल्याला चेंडू कमी दिसतो. स्पष्टच सांगतो, वरच्या स्टँडमधून चेंडू स्विंग झाला की नाही हे कळणं अवघड. पण अकरा माणसं एकाच वेळी दिसतात. बॉलरनं हातानं न दाखवता नुसत्या मानेनं डीप स्क्वेअर लेगला दोन पावलं मागं घेतलं, तर ते दिसतं. पुढचा चेंडू आपटणार हे आपल्याला आधी कळतं, कधीकधी बॅट्समनच्याही आधी. थोडी सवय झाली की चेंडूऐवजी फील्डर वाचता येतात. चेंडू मारल्या मारल्या कव्हरचा माणूस पळाला तर दोन धावा, हात वर करून थांबला तर झेल, आणि जागचा हललाच नाही तर चौकार. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुढं तिच्याकडे परत येणार आहे.

मोहालीत मी किती वेळा गेलो याचा हिशेब ठेवला नाही, पण त्या मैदानात पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोळ्यात भरली होती ती म्हणजे दिव्यांचे खांब. वानखेडेला किंवा ईडनला फोटोत बघा, कोपऱ्यांत उंचच्या उंच मनोरे. मोहालीत खांब बुटके आणि संख्येनं जास्त, सोळा. मला वाटलं पैसे वाचवले असतील. तसं नाही. चंदीगडचा विमानतळ जवळ आहे, विमानांना अडथळा नको म्हणून उंची कमी ठेवली. आणि उजेड पुरावा म्हणून खांब वाढवले. त्यानंतर कुठल्याही मैदानात गेलो की मी आधी दिवे बघतो.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे दिशा. खेळपट्टी साधारण उत्तर-दक्षिण असते, म्हणजे मावळतीचं ऊन बॅट्समनच्या किंवा बॉलरच्या सरळ डोळ्यात जात नाही. न्यूझीलंडमध्ये नेपियरच्या मैदानाची खेळपट्टी पूर्व-पश्चिम आहे, आणि २३ जानेवारी २०१९ ला भारताचा सामना तिथं ऊन डोळ्यात येतं म्हणून थांबवावा लागला होता. पावसानं नाही, उन्हानं! आपल्या कामाचा मुद्दा असा की दुपारची मॅच असेल तर तिकीट काढताना नकाशा उघडा आणि पश्चिमेच्या बाजूचा स्टँड घ्या. ऊन पाठीवर येतं आणि लवकर सावलीही येते. पूर्वेच्या बाजूला बसलात तर संध्याकाळपर्यंत कपाळावर हात धरून बसावं लागतं. मी पहिली तीन वर्षं स्वस्त तिकीट म्हणून तिकडेच बसलो. स्वस्त का ते नंतर कळलं.

आमच्या भागातलं सगळ्यात देखणं मैदान अर्थातच धरमशालेचं. चंदीगडच्या सेक्टर ४३ च्या स्टँडवरून रात्रीची हिमाचलची बस धरायची, सकाळी डोळे उघडतात तेव्हा कांगडा जिल्हा. समोर धौलाधारची रांग, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाही माथ्यावर बर्फ. मैदान साधारण १,४५० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडं वर. हवा विरळ, त्यामुळे चेंडू जास्त लांब जातो. अमेरिकेत डेन्व्हरच्या बेसबॉल मैदानाची हीच अडचण आहे. ते साधारण १,६०० मीटरवर. तिथं चेंडू हवेतून फार उडायला लागले म्हणून २००२ पासून ते दमट कपाटात ठेवून मग खेळायला काढतात. आपल्याकडे अजून चेंडूला एवढं लाडावलेलं नाही.

धरमशालेला पहिली कसोटी झाली ती मार्च २०१७ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मालिका १-१. कोहलीचा खांदा दुखावलेला, म्हणून कप्तान अजिंक्य रहाणे. आमच्या बसमध्ये दोन मुंबईकर पोरं होती, ती मोहालीत शिकत होती. रात्रभर आमची एकच चर्चा, आपला माणूस नाणेफेकीला जाणार. चौथ्या दिवशी १०६ चा पाठलाग करताना रहाणेनं कमिन्सला दोन षटकार ठोकले आणि २७ चेंडूंत ३८ करून नाबाद राहिला. टीव्हीवर डोंगर प्रत्येक ओव्हरनंतर दाखवतात, अगदी कंटाळा येईपर्यंत. पण तिथं बसल्यावर कळतं की उन्हं कलली की डोंगराकडून गार हवा येते आणि अर्ध्या तासात फील्डर हात बगलेत धरून उभे राहतात. असल्या हातांनी झेल घ्यायचा असतो हे घरी बसून शिव्या देणाऱ्याला काय कळणार?

चैललाही जाऊन आलो. पतियाळाच्या महाराजांनी डोंगर सपाट करून केलेलं मैदान, २,००० मीटरच्याही वर, भोवती देवदार. आता ते सैनिकी शाळेकडे आहे. कुंपणातूनच बघितलं. सौ. बरोबर होती. एवढ्यासाठी चार तास गाडीत बसवलं का, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण गंमत बघा, याच पतियाळाच्या भूपिंदर सिंग महाराजांनी १९३४ साली रणजी करंडक दिला, आणि त्यांचे चिरंजीव यादविंद्र सिंग त्याच वर्षी मद्रासला इंग्लंडविरुद्ध एकुलती एक कसोटी खेळले. त्यांच्या नावाचं मैदान आता मुल्लांपूरला, म्हणजे नव्या चंदीगडात झालंय. तिकडे येतोच.

महाराष्ट्रातल्या मैदानांवर मी थोडक्यात बोलणार आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण ती माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. वानखेडे आणि ब्रेबॉर्न एकाच दिवशी बघा, एवढंच सांगतो. चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. ब्रेबॉर्न १९३७ चं, क्लबाचं मैदान, ऐसपैस. तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं बिनसलं, तेव्हा शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानं शेजारीच दुसरं स्टेडियम उभं राहिलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. भांडणातून उभं राहिलेलं मैदान आहे हे त्याच्या बांधणीवरून कळतं. लोकलचे रूळ आणि रस्ता यांच्यामध्ये जागा काढलेली, स्टँड उभे आणि खेळाडूंच्या अंगावर आलेले. म्हणून तिथला आवाज मैदानात कोंडून राहतो. ब्रेबॉर्नला तोच आवाज पसरून जातो.

आणि पुण्यात पूना क्लबच्या मैदानापाशी दोन मिनिटं थांबा. डिसेंबर १९४८ मध्ये कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी तिथं काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर राहिला होता, आणि समोरच्या संघानं पुढं खेळायलाच नकार दिला, सामना सोडून दिला. ही गोष्ट मला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून सांगितलीय. दर वेळी ते शेवटी "नऊ रे, फक्त नऊ" म्हणायचे.

आता मुल्लांपूर. २०२४ पासून पंजाबचे आयपीएलचे सामने मोहालीतून तिकडे गेले. डेराबस्सीहून मोहाली अर्ध्या-पाऊण तासाचं, मुल्लांपूरला जायचं तर संध्याकाळी दीड तास धरा. मोहालीतला मी बघितलेला शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ११ जानेवारी २०२४ चा, अफगाणिस्तानविरुद्ध टी-ट्वेंटी. कडाक्याची थंडी. रोहित शर्मा शून्यावर रनआउट झाला, गिल चेंडूकडे बघत उभा आणि रोहित त्याच्याच टोकाला जाऊन पोचला. परवा त्या रस्त्यानं गेलो तर गेटबाहेर छोले-कुलच्याची गाडी लावणारा एकटाच बसला होता. ज्या मैदानात १९९६ आणि २०११ च्या विश्वचषकांचे उपांत्य सामने झाले, सचिननं लाराचा कसोटी धावांचा विक्रम मोडला, तिथं. मी त्याला विचारलं धंदा कसा आहे. त्यानं नुसता हात हलवला.

मैदानाची मी एवढी बाजू घेतो, पण मैदान काय हिरावून घेतं तेही सांगायला हवं. १५ एप्रिल २०२५, मुल्लांपूर, पंजाब विरुद्ध कोलकाता. पंजाब १११ वर गारद. कारखान्यातली आम्ही सहा जणं गेलो होतो, त्यातली दोघं तिथंच गाडीकडे निघाली. कोलकात्याचा कप्तान रहाणे खेळत होता, चहलनं त्याला पायचीत केलं, तो मुकाट चालू लागला. आम्ही नाचलो. (मी अर्ध्या मनानं नाचलो, माणूस आपला.) तेवढ्यात घरून सौ.चा फोन. "अहो, तो नाबाद होता! चेंडू ऑफस्टंपच्या बाहेर लागला, रिव्ह्यू का नाही घेतला त्यानं?" तीस हजार माणसांत मला काही पत्ता नाही, आणि डेराबस्सीत पोळ्या लाटणाऱ्या बाईला सगळं ठाऊक. कोलकाता ९५ वर आटोपलं. आयपीएलमध्ये एवढी छोटी धावसंख्या त्याआधी कोणी राखली नव्हती. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो, पण त्या सामन्याचा काटा जिथं फिरला तो क्षण मला घरी येऊन मोबाइलवर बघावा लागला. त्या बाबतीत टीव्हीच श्रेष्ठ.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. क्रिकेटचं वेड रेडिओवरचं. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकत त्यांनी भारतातली सगळी मैदानं मनातल्या मनात बांधून ठेवलेली. पॅव्हेलियनच्या टोकाकडून कोण, समोरून कोण, वारा कुठून कुठं. प्रत्यक्षात मोठ्या मैदानात ते कधी गेले नाहीत. मुंबई सांगलीहून एका रात्रीच्या गाडीवर, स्वतः एसटीत, तरी जमलं नाही. सामन्यांच्या दिवसांत जादा गाड्या असायच्या आणि यांची ड्युटी.

गेली चार वर्षं त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोर बघितलं की मधोमध धूसर. टीव्ही त्यांना निरुपयोगी झाला. माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं तर ते जरा बाजूला बघतात. गेल्या सप्टेंबरात ते आमच्याकडे आले होते आणि १४ आणि १७ तारखेला मुल्लांपूरला भारत-ऑस्ट्रेलिया महिलांचे वनडे होते, त्या मैदानातले पहिले आंतरराष्ट्रीय सामने. स्मृती मानधना खेळणार. म्हणजे आमच्या सांगलीची, माधवनगरची पोर, माझ्या घरापासून दीड तासावर.

मी दोन दिवस गप्पच होतो. न्यायचं कशाला, दिसणार काय त्यांना? पायऱ्या, गर्दी, संडास लांब. सौ.नंच विषय काढला. आप्पा म्हणाले, "नको रं, तुझं तिकीट फुकट जायचं." या वाक्यावर मी दोन तिकिटं काढली. १७ तारीख, बुधवार, पश्चिमेची बाजू, खालची रांग.

पहिली पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "बोलत का नाहीत?" मला कळेना कोण. मग लक्षात आलं, त्यांना वर्णन ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर त्यांच्यासाठी मॅच म्हणजे कोणीतरी बोलत असणं. मैदानात कोणी बोलत नाही, नुसती गाणी वाजतात आणि भोंगे. मग मीच सुरू झालो. आधी पॅव्हेलियन कुठं, मग वारा, मग कोण कुठं उभं. समोरच्या रांगेतली दोन पोरं मागं वळून म्हणाली, "अंकलजी, एह केहडी भाषा है?" मी म्हटलं, मराठी. "स्मृती वाली?" म्हटलं, हां, स्मृतीवाली. मग ती पण ऐकत बसली, काही कळत नसताना.

दहाव्या-बाराव्या ओव्हरपासून आप्पा माझ्या आधी सांगायला लागले. स्मृतीनं कव्हरमधून मारला, मी सांगायला तोंड उघडतोय तोवर हे, "चार." मी विचारलं कसं कळलं. "ती कडेची पोरगी जागची हललीच नाही की." त्यांना चेंडू दिसत नव्हता, बॅट दिसत नव्हती, स्मृती तर अजिबातच नाही. पण नजर जरा बाजूला ठेवली की हिरव्यावरचे पिवळे ठिपके पळताना दिसत होते, किंवा न पळताना. बॅटचा आवाज ऐकायचा आणि ठिपके बघायचे, एवढ्यावर त्यांनी डाव धरला. मधनं मधनं विचारायचे, "आता कुठनं टाकायलीय?" मी टोक सांगायचो. पाणी पिण्याच्या सुटीत त्यांनी मला सुनावलं की मी वाऱ्याचं सांगायला विसरतोय.

स्मृतीनं ९१ चेंडूंत ११७ केल्या. शंभर झाल्यावर सगळं मैदान उभं राहिलं, आप्पांना उभं राहायला थोडा वेळ लागला, तोवर बाकीचे बसले होते, त्यामुळे ते एकटेच उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बसा म्हटलं नाही. ऑस्ट्रेलिया १९० वर संपली, भारत १०२ धावांनी जिंकला. आम्ही शेवटपर्यंत थांबलो. परत येताना झिरकपूरच्या पुलाखाली पाऊण तास अडकलो आणि आप्पा झोपले.

घरी पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. सौ. जागी होती. तिनं ताट वाढता वाढता विचारलं, "काय काय बघितलं आप्पा?"

"पॅव्हेलियन डाव्या हाताला होतं," आप्पा म्हणाले, आणि वारा कुठून होता ते सांगायला लागले.